धुऱ्यावरची चूक

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात कापसाचे दिवस सुरू होतात. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कापसाने गच्च भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो दिसू लागतात. खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिली की एक माणूस हातात छोटेसे उपकरण घेऊन येतो, त्याची टोके कापसात खुपसतो आणि आकडा वाचतो. शेतकऱ्याचे सारे लक्ष त्या आकड्याकडे असते. कारण हा आकडा असतो कापसातल्या ओलाव्याचा, आणि त्यावर भाव अवलंबून असतो.

हे उपकरण काय करते? कोरडा कापूस आपल्यातून वीज जवळजवळ वाहूच देत नाही. ओला कापूस थोडीफार वाहू देतो. कापसाचा हा विद्युतरोध मोजून उपकरण ओलाव्याचा टक्का सांगते. ओलावा १२ टक्के याचा अर्थ असा, की १०० किलो कापसात १२ किलो नुसते पाणी आहे. पाण्याला कापसाचा भाव कोण देणार? शिवाय ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, आणि जिनिंगमध्ये सरकी वेगळी करताना त्रास देतो. म्हणून खरेदीचे नियम ठरलेले असतात.

भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे ज्याला सगळे सीसीआय म्हणतात ती संस्था, हमीभावाने कापूस घेते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये ठरला होता. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे दर एका टक्क्याला भावात एक टक्का कपात. आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर खरेदी नाही. धाग्याची लांबी, तलमपणा असे इतरही निकष असतात, पण आज आपण ओलाव्यापुरतेच पाहू या.

आता असे समजा, की तुमच्या शाळेतल्या संगणकावर एका विद्यार्थ्याने या नियमाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहिली आहे. आपण ओलावा, धाग्याचा प्रकार आणि वजन हे तीन आकडे द्यायचे. संगणक रक्कम सांगणार. ही आज्ञावली आपण कल्पनेतली घेतली आहे, महामंडळाची नव्हे. विद्यार्थी म्हणतो, “झाली तयार!” आणि ती तपासण्याचे काम तुमच्याकडे येते. तुम्ही कोणकोणते आकडे देऊन पाहाल?

एक कोटी कसोट्या

तुम्ही म्हणाल, “त्यात काय! सगळेच आकडे देऊन पाहू.” बरे, हिशेब करू या. उपकरण ओलावा एका दशांश स्थळापर्यंत दाखवते असे धरा. ०.० पासून ९९.९ पर्यंत १,००० आकडे झाले. धाग्याचे प्रकार दोन. वजन १ किलोपासून ५,००० किलोपर्यंत, म्हणजे ५,००० आकडे. यांच्या जोड्या किती? १,००० × २ × ५,००० = १,००,००,०००. बरोबर एक कोटी! एका कसोटीला दहा सेकंद लागली तरी दहा कोटी सेकंद होतात. रात्रंदिवस न थांबता बसलात तरी सुमारे तीन वर्षे दोन महिने. तोवर तीन हंगाम उलटून जातील आणि हमीभावही बदललेला असेल.

हे काम दुसऱ्या संगणकाला सांगता येईल का? येईल, तो आकडे भराभर देईल. पण आलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे ठरवायला बरोबर उत्तर आधी कोणाला तरी ठाऊक हवे. एक कोटी बरोबर उत्तरे कोण काढणार? आणि ही तर तीनच आकड्यांची आज्ञावली. बँकेतल्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या आज्ञावल्यांत अशा जोड्यांची मोजदाद करणेही अशक्य होते.

म्हणजे सगळे तपासणे शक्य नाही. मग थोडेच आकडे निवडायचे, पण कोणते? डोळे मिटून दहा आकडे उचलले तर चालेल का? या प्रश्नाची दोन उत्तरे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या लोकांनी शोधून ठेवली आहेत. ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९ साली निघालेल्या पुस्तकात ती दोन्ही सापडतात. पण पहिले उत्तर आपल्या घरी फार आधीपासून आहे.

शितावरून भाताची परीक्षा

भात झाला की नाही हे पाहायला आई सारा भात चाखून पाहत नाही. एक शीत बोटांत दाबून पाहते. एका शितावरून ती सगळ्या भाताविषयी बोलू शकते, कारण सगळे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजले आहेत. एका शिताचे जे झाले तेच दुसऱ्याचे झाले असणार.

पण शेजारच्या चुलीवर वरण असेल तर? भाताचे शीत दाबून वरणाची डाळ शिजली की नाही हे कळत नाही. तिथे दुसरा दाणा घ्यावा लागतो. म्हणजे आधी पातेली किती ते पाहायचे, आणि मग प्रत्येक पातेल्यातले एक शीत घ्यायचे.

आपल्या नियमाची पातेली कोणती? ओलावा ३ टक्के असो, ५ असो की ७.२ असो, नियम या सर्वांना एकाच रीतीने वागवतो: पूर्ण भाव. ओलावा ९, १०.५ किंवा ११.३ असेल तर तिघांनाही एकच रीत: कपात. १३, १५, २० यांनाही एकच रीत: खरेदी नाही. आज्ञावली ज्या आकड्यांना एकाच रीतीने वागवते, अशा आकड्यांच्या गटाला ‘सममूल्य वर्ग’ म्हणतात. वर्गातला एक आकडा बरोबर चालला तर बाकीचेही बरोबर चालतील अशी आपली अपेक्षा असते.

गणितात तुम्ही असे वर्ग पाहिले आहेत. पूर्णांकांचे सम आणि विषम असे दोन वर्ग पडतात. तीनने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ उरते, म्हणून त्या दृष्टीने तीन वर्ग पडतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. प्रत्येक संख्या कुठल्या ना कुठल्या वर्गात असतेच, आणि ती एकाच वर्गात असते. कोणी सुटत नाही आणि कोणी दोन घरचा पाहुणा होत नाही. वर्ग पाडताना ही कसोटी नेहमी लावून पाहावी.

ती आत्ताच लावू या. ०-८, ८-१२ आणि १२-१०० असे वर्ग कागदावर लिहिलेत तर ८ हा आकडा दोन घरांत जातो, आणि १२ सुद्धा. म्हणून ‘८ किंवा त्याहून कमी’, ‘८ पेक्षा जास्त पण १२ किंवा त्याहून कमी’, ‘१२ पेक्षा जास्त’ असे नेमके लिहायला हवे.

आणखी एक गोष्ट. बरोबर आकड्यांचे वर्ग पाडले की काम संपले असे नाही. घाईत कोणी ओलाव्याच्या जागी उणे आकडा दाबला तर? ओलावा आणि वजन यांची जागा बदलून ओलाव्याच्या घरात ४५० लिहिले तर? जागा रिकामीच ठेवली तर? आकड्याऐवजी ‘दहा’ असे अक्षरांत लिहिले तर? हेही वर्गच आहेत. फक्त ते चुकीच्या आकड्यांचे आहेत. चांगल्या आज्ञावलीने इथे “आकडा पुन्हा पाहा” असे म्हटले पाहिजे. तिने उणे ओलाव्याला गुपचूप पूर्ण भाव दिला तर ती आज्ञावली नापास.

वर्ग म्हणजे नेहमी पट्टाच असतो का?

आतापर्यंतचे वर्ग आकड्यांच्या सलग पट्ट्यांसारखे होते. नेहमीच तसे असते असे नाही. लीप वर्षाचे उदाहरण घ्या. चारने भाग जाणारे वर्ष लीप वर्ष, हे सर्वांना ठाऊक असते. पण पूर्ण नियम असा आहे: चारने भाग गेला तर लीप, मात्र शंभरनेही भाग गेला तर लीप नाही, मात्र चारशेनेही भाग गेला तर पुन्हा लीप. म्हणजे वर्षांचे चार वर्ग झाले, आणि त्यांचे प्रतिनिधी म्हणून २०२५, २०२४, १९०० आणि २००० ही वर्षे घेता येतील.

आज्ञावली लिहिणाऱ्याने फक्त २०२४ आणि २०२५ देऊन पाहिले, तर चारपैकी दोन पातेल्यांची झाकणे उघडलीच नाहीत असे होईल. त्याने २०२४, २०२८, २०३२ अशी दहा वर्षे तपासली तरी तो एकाच पातेल्यातली दहा शिते दाबत बसला आहे. कसोट्या किती घेतल्या यापेक्षा किती वर्गांतून घेतल्या याला महत्त्व आहे.

चूक धुऱ्यावर बसते

आता दुसरे उत्तर. विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. दोन शेजाऱ्यांचे भांडण शेताच्या मधोमध कधी होत नाही. होते ते धुऱ्यावर. इथपर्यंत माझे आणि इथून तुझे, हे ठरवायची जागा तीच. आज्ञावलीचेही तसेच आहे. ५ टक्के ओलाव्याला काय करायचे याविषयी लिहिणाऱ्याच्या मनात गोंधळ नसतो. गोंधळ असतो तो नेमक्या ८ ला आणि नेमक्या १२ ला.

आज्ञावलीचा गाभा मराठीत लिहिला तर असा होईल:

पहिली ओळ: ओलावा ८ किंवा त्याहून कमी असेल तर पूर्ण भाव.
दुसरी ओळ: नाहीतर, ओलावा १२ किंवा त्याहून कमी असेल तर ८ च्या वर जितका ओलावा, तितके टक्के कपात.
तिसरी ओळ: नाहीतर, खरेदी नाही.

आता लिहिणाऱ्याच्या हातून काय काय चुकू शकते ते पाहू. हिशेबासाठी लांब धाग्याचा ८,११० रुपये भाव घेऊ.

पहिली चूक: दुसऱ्या ओळीत ‘१२ किंवा त्याहून कमी’ ऐवजी ‘१२ पेक्षा कमी’ असे लिहिले गेले. फरक केवढा? एका शब्दाचा, आज्ञावलीच्या भाषेत तर एका चिन्हाचा. ५ द्या, १० द्या, १५ द्या. तिन्ही वर्गांची शिते बरोबर शिजलेली दिसतील. ११.९ ला ७,७९३.७१ रुपये हे बरोबर उत्तर येईल. १२.१ ला “खरेदी नाही” हेही बरोबर. ओलाव्याच्या १,००० आकड्यांपैकी ९९९ आकड्यांना ही आज्ञावली अचूक उत्तर देते. चुकते ती फक्त १२.० ला. नियमाप्रमाणे तिथे ७,७८५.६० रुपये मिळायला हवेत, आणि ही आज्ञावली म्हणते, “खरेदी नाही.”

हजारात एक चूक म्हणजे क्षुल्लक, असे वाटते ना? ज्याच्या टेम्पोत २० क्विंटल कापूस आहे आणि ज्याच्या कापसाचा ओलावा नेमका १२.० भरला आहे, त्याच्या जागी उभे राहून पाहा. २० × ७,७८५.६० म्हणजे १,५५,७१२ रुपयांचा माल नियमात बसत असूनही परत न्यायचा. पुन्हा भाडे, पुन्हा रांग, किंवा मिळेल त्या भावाने विक्री. त्याच्यासाठी ही चूक हजारात एक नाही. पुरती एक आहे.

दुसरी चूक: बारा लिहिताना बोट घसरले आणि १३ पडले. ५, १०, १५ पुन्हा बरोबर येतील. पण १२.१ देताच आज्ञावली “खरेदी नाही” म्हणण्याऐवजी ७,७७७.४९ रुपये भाव सांगेल आणि चोर पकडला जाईल. (बाराचे उलटून २१ झाले असते तर १५ नेही पकडले असते.)

तिसरी चूक: आज्ञावली दशांश चिन्हापुढचा आकडा गाळून टाकते, ८.१ चे ८ करते आणि १२.४ चे १२. मधला १०.० देऊन हे कळणार नाही. ८.१ दिले की कळते, कारण ८,१०१.८९ ऐवजी पूर्ण ८,११० येतात.

चौथी चूक: पहिली ओळच राहून गेली. आज्ञावली सरळ ‘८ च्या वर जितका ओलावा, तितके टक्के कपात’ करत सुटली. आता ७.९ ला काय होईल? ७.९ वजा ८ म्हणजे उणे ०.१, उणे कपात म्हणजे वाढ! ८,११० ऐवजी ८,११८.११ रुपये. ही चूक वर्गाच्या मधले ५.० सुद्धा पकडते. पण गंमत अशी, की नेमके ८.० ही चूक पकडत नाही. तिथे कपात शून्य येते आणि उत्तर बरोबर निघते.

म्हणून सीमेवरचा एकच आकडा घेऊन भागत नाही. सीमेवरचा एक, तिच्या जरासा अलीकडचा एक आणि जरासा पलीकडचा एक, असे तीन आकडे घेतात. यांना ‘सीमामूल्ये’ म्हणतात. ‘जरासा’ म्हणजे किती हे उपकरण ठरवते. उपकरण दशांश दाखवत असेल तर ११.९, १२.०, १२.१. ते पूर्णांकच दाखवत असेल तर ११, १२, १३.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पहिल्या ओळीत ‘८ किंवा त्याहून कमी’ ऐवजी ‘८ पेक्षा कमी’ असे लिहिले तर काय बिघडेल? कागदावर करून पाहा. उत्तर असे, की काहीच बिघडत नाही. नेमका ८ दुसऱ्या ओळीत गेला तरी तिथे कपात शून्य. ८ च्या सीमेवर दोन्ही शेते एका पातळीत मिळतात. १२ च्या सीमेवर मात्र एका बाजूला ७,७८५ रुपये आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी आहे. दरी जिथे खोल, तिथला धुरा जास्त जपून तपासायचा.

आता आपल्या कसोट्यांची यादी तयार झाली. ओलाव्यासाठी −०.१, ०.०, ५.०, ७.९, ८.०, ८.१, १०.०, ११.९, १२.०, १२.१, १५.०, १००.०, १००.१, रिकामी जागा आणि अक्षरे. या झाल्या पंधरा. धाग्याचा दुसरा प्रकार आणि वजनाच्या सीमा धरल्या तरी तीस-पस्तीस कसोट्यांत काम भागते. एक कोटींच्या जागी तीस-पस्तीस! आणि त्या एका दुपारी हाताने करता येतात.

३१ डिसेंबरची गोष्ट

अशा चुका खरोखर होतात का? मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘झून’ नावाचे गाणी ऐकण्याचे यंत्र काढले होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या ३० जीबीच्या नमुन्याची असंख्य यंत्रे एकाच दिवशी बंद पडली. सुरू केली की तिथेच अडकून बसत.

कारण त्यातल्या घड्याळाच्या आज्ञावलीत होते. १ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले हे यंत्राला ठाऊक असे, आणि त्यावरून ते वर्ष काढत असे. रीत अशी: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? असतील तर ते वर्ष लीप आहे का पाहा. लीप नसेल तर ३६५ दिवस वजा करून पुढच्या वर्षी जा. लीप असेल तर, दिवस ३६६ पेक्षा जास्त असल्यास ३६६ वजा करून पुढे जा. मग पुन्हा पहिला प्रश्न.

२००८ हे लीप वर्ष होते आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत का? आहेत. वर्ष लीप आहे का? आहे. ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत. मग काहीही वजा न होता यंत्र पुन्हा पहिल्या प्रश्नावर आले. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत का? आहेत... असे ते घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. दिवस बदलल्यावर यंत्रे पुन्हा चालू करता आली. लीप वर्षाचा ३६५ वा, ३६६ वा आणि पुढच्या वर्षाचा पहिला, असे तीन दिवस आधी देऊन पाहिले असते तर चूक कारखान्यातच सापडली असती.

दुसरी गोष्ट अधिक महागात पडली. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियान ५’ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांनी नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. आज्ञावलीचा तो भाग जुन्या ‘एरियान ४’ वरून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटचा मार्ग असा होता की ती सीमा कधी गाठलीच जात नसे. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. सीमा ओलांडली गेली आणि यंत्रणा बंद पडली. आज्ञावली तीच राहिली तरी तिला मिळणारे आकडे बदलले, तर वर्ग आणि सीमा पुन्हा आखाव्या लागतात, हा या अपघाताचा धडा आहे.

नियमालाच प्रश्न विचारा

सीमा शोधू लागलात की एक वेगळीच गोष्ट हाती येते. कधी कधी आज्ञावली नव्हे, तर नियमच अपुरा निघतो. ‘दर एका टक्क्याला एक टक्का कपात’ असे नियम म्हणतो. मग ८.४ ला काय? ०.४ टक्के कपात, की पूर्ण एक टक्का, की काहीच नाही? वर आपण दशांशासह कपात धरली, पण ती आपल्या सोयीसाठी. खऱ्या कामात हे तपासणाऱ्याने मनाने ठरवायचे नसते. नियम करणाऱ्याला विचारायचे असते. हा प्रश्न आज्ञावली लिहिण्यापूर्वी विचारला तर एका वाक्याने सुटतो. खरेदी सुरू झाल्यावर निघाला तर काट्यावर भांडण होते.

संगणकाचीही एक खोड लक्षात ठेवा. तो दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांक त्या पद्धतीत नेमका मावत नाही. जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत मावत नाही. म्हणून बऱ्याच संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ न येता किंचित जास्त येते. सीमेवर एवढा फरकही पुरतो: १२ च्या अलीकडचा शेतकरी पलीकडे जाऊ शकतो. यावर साधा उपाय म्हणजे ओलावा टक्क्यांत न ठेवता दशांश टक्क्यांत, पूर्णांक म्हणून ठेवायचा, १२.० ऐवजी १२०.

या रीतीची मर्यादा

मग या तीस-पस्तीस कसोट्या पार पडल्या की आज्ञावली निर्दोष ठरली का? नाही. शितावरून भाताची परीक्षा तेव्हाच खरी, जेव्हा सारा भात खरोखर एकसारखा शिजलेला असतो. पातेल्याच्या बुडाशी भात करपला असेल तर वरचे शीत ते सांगत नाही.

१९९४ साली हेच घडले. अमेरिकेतील व्हर्जिनियात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. इंटेल कंपनीच्या नव्या ‘पेंटियम’ संगणकाचे काही भागाकार चुकतात असे त्यांना आढळले. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक होते. त्यातल्या १,०६६ घरांपैकी पाच घरे भरायची राहून गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे भागाकार एकाच वर्गातले वाटत होते. आत मात्र त्या पाच घरांपाशी जाणारे भागाकार वेगळे पडत होते. चिपा बदलून देण्यासाठी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

म्हणजे आपण पाडलेले वर्ग हा आपला तर्क असतो. तो जितका विचारपूर्वक केलेला, तितक्या कसोट्या उपयोगी. कसोट्यांनी चूक सापडते. चूक नाहीच हे त्यांनी सिद्ध होत नाही. म्हणून तपासणारे लोक बाहेरून आकडे देतात, आणि आतली आज्ञावलीही ओळीओळीने वाचतात.

तुम्ही करून पाहा

१. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. मैदानी प्रदेशासाठी भारतीय हवामान विभागाचा एक निकष असा: प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ अंश किंवा अधिक असेल तर उष्णतेची लाट, ४७ अंश किंवा अधिक असेल तर तीव्र लाट. तापमापक दशांशापर्यंत मोजतो. वर्ग किती? सीमामूल्ये कोणती?

२. त्याच विभागाचा दुसरा निकष असा: कमाल तापमान किमान ४० अंश हवे, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, ६.४ पेक्षा जास्त फरक असेल तर तीव्र लाट. इथे तापमान आणि फरक अशा दोन गोष्टी आहेत. तापमान ३९.९ असताना फरक ७.० आला तर उत्तर काय यावे?

३. शिक्षकांसाठी: वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने दहावीच्या श्रेणीचा नियम (७५ टक्के व अधिक विशेष प्रावीण्य, ६० व अधिक प्रथम श्रेणी, ४५ व अधिक द्वितीय श्रेणी, ३५ व अधिक उत्तीर्ण) कागदावर ओळीओळीने लिहावा आणि त्यात मुद्दाम एक चूक लपवावी. दुसऱ्या गटाने कागद न पाहता फक्त गुण सांगायचे आणि मिळालेली श्रेणी ऐकायची. कमीत कमी प्रश्नांत चूक कोण पकडते ते पाहावे. संगणक नसला तरी हा खेळ चालतो.

उत्तरे

१. वर्ग तीन: लाट नाही, लाट, तीव्र लाट. सीमामूल्ये ४४.९, ४५.०, ४५.१ आणि ४६.९, ४७.०, ४७.१. तापमापकाच्या जागी रिकामी जागा आणि अक्षरे देऊन पाहायला विसरू नका.

२. या निकषाप्रमाणे लाट नाही, कारण ४० अंशांची पहिली अट पुरी होत नाही. आज्ञावलीने फरक आधी पाहिला आणि ४० ची अट विसरली, तर ती इथे पकडली जाईल. दोन अटी असल्या की एक अट धुऱ्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे ठेवून पाहावे.